उत्तर देणारा कोण आहे? मनाच्या आजारांची माहिती आणि विश्वासाचा इतिहास

समजा, तुम्ही आष्टीत राहता. वर्धा जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातलं तालुक्याचं गाव, नदी ओलांडली की अमरावती जिल्हा. रात्रीचे दोन वाजलेत, झोप येत नाही आणि गेले तीन आठवडे असंच चाललंय. घरी सांगायची सोय नाही. हातात मोबाईल आहे. तुम्ही त्यात काय टाईप कराल?

बहुतेक "नैराश्य" हा शब्द नाही. आपल्याकडे लोक "टेन्शन आहे" म्हणतात. "जीव घाबरते", "डोकं काम नाही करत", "कशातच मन लागत नाही" असं म्हणतात. यातले बरेच शब्द शरीराचे आहेत. शब्द शरीराचा टाकला की उत्तरंही शरीराची येतात: ॲसिडिटी, बीपी, अशक्तपणा, एखादं चूर्ण. शब्द मनाचा टाकला तर एकाच पडद्यावर डॉक्टर, बाबा, कोर्स विकणारा, प्रेरणादायी भाषण करणारा आणि खरोखर त्या त्रासातून गेलेला माणूस असे सगळे शेजारी शेजारी येऊन बसतात. कुणाचं ऐकायचं?

माझं पीएच.डी.चं काम आरोग्याची माहिती मराठी माणसापर्यंत कशी पोचली, या विषयावर आहे. मी मूळची विज्ञानाची, एम.एस्सी. करून या इतिहासात आले. त्यामुळे ओळखीचे लोक विचारतात, "नेटवरचं कुठलं खरं मानायचं, त्याची यादी दे ना." यादी द्यायला हरकत नाही, पण ती दोन वर्षांत जुनी होते. त्यापेक्षा हा प्रश्न आपल्याकडे आधी कसा सोडवला गेला ते बघू. मोबाईल येण्याच्या कितीतरी आधी लोक मनाच्या त्रासावर अनोळखी माणसाला सल्ला विचारत होते, फसत होते, आणि कधीकधी त्यांना चांगलं उत्तरही मिळत होतं.

माहिती नव्हती, फक्त भिंत होती

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८६४ मध्ये, नागपूरचं मनोरुग्णालय सुरू झालं. आजही महाराष्ट्रात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चारच आहेत: नागपूर, येरवडा, ठाणे आणि रत्नागिरी. विदर्भात "पागलखाना" म्हटलं की अजूनही नागपूरच डोळ्यांसमोर येतं.

त्या काळची व्यवस्था मुख्यतः कोंडून ठेवण्याची होती. १९१२ च्या कायद्याचं नावच "इंडियन ल्युनसी ॲक्ट" होतं, आणि माणसाला आत कसं घ्यायचं, बाहेर कसं सोडायचं हा त्याचा मोठा भाग होता. घरच्यांना आजार समजावून सांगणं हे कुणाचंच काम नव्हतं. जो माणूस "वेडा" नाही पण झोपत नाही, जेवत नाही, रडतो, त्याच्यासाठी तर काहीच नव्हतं. त्याच्यासाठी देव होता, अंगारा होता, भजनी मंडळ होतं आणि शेजारपाजार होता. यातल्या काही गोष्टींचा आधार खरा होता, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण माहिती म्हणावी अशी गोष्ट यात कुठेच नव्हती.

ही रिकामी जागा फार दिवस रिकामी राहिली नाही. जाहिरातींनी ती भरली.

जाहिरातीनं वाढवलेला आजार

एसटी स्टँडजवळच्या, रेल्वे लाईनच्या कडेच्या भिंती आठवा. "गुप्तरोग", "धातुदुर्बलता", "तारुण्यातील चुका", खाली वैद्याचं नाव आणि कुठल्याशा लॉजचा पत्ता. आपण त्या वाचून हसतो. पण मनाच्या खोट्या माहितीचं आपल्याकडचं हे सर्वात जुनं आणि चिवट उदाहरण आहे.

वीर्य गेलं की शक्ती जाते, ही समजूत आपल्याकडे फार जुनी. पण ती फक्त आपली नाही. स्वित्झर्लंडमधल्या तिसो नावाच्या डॉक्टरनं १७६० मध्ये हस्तमैथुनाच्या "दुष्परिणामांवर" एक पुस्तक फ्रेंचमध्ये काढलं. ते युरोपभर वाचलं गेलं, आणि पुढची शंभर-दीडशे वर्षं तिथले शिकलेले डॉक्टरही तेच सांगत राहिले. लिहिणारा खरा डॉक्टर होता आणि माहिती साफ चुकीची होती. हे लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागेल.

आपल्याकडे या समजुतीतून तरुण मुलांना खरा त्रास होतो. थकवा, छातीत धडधड, झोप न येणं, अपराधीपणा, कधी गंभीर उदासी. १९६० मध्ये नरेंद्रनाथ विग या भारतीय मनोविकारतज्ज्ञांनी याला "धात सिंड्रोम" असं नाव दिलं. म्हणजे बघा, वीर्य गेल्यानं शरीराचं काही बिघडत नाही, पण बिघडतं असं सतत ऐकल्यानं मन बिघडतं. मग तोच ऐकवणारा औषधही विकतो. भीती आधी द्यायची आणि उपाय नंतर विकायचा, हा धंद्याचा सांगाडा आजही तसाच आहे. भिंतीच्या जागी रील आली, एवढाच फरक. "ही पाच लक्षणं असतील तर तुमचा मेंदू धोक्यात आहे" असं म्हणून शेवटी कोर्सची लिंक देणारा माणूस त्या लॉजवरच्या वैद्याचाच वारस आहे.

१९५४ साली केंद्र सरकारनं अशा जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्ध कायदा केला. लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात त्यात स्पष्टपणे बंद आहे. कायदा सत्तर वर्षांचा झाला, तरी भिंती रंगतच राहिल्या. यातून एक कळतं, की खोटी माहिती नुसती बंद करून भागत नाही. लोकांच्या मनात प्रश्न असतोच. त्याचं खरं उत्तर देणारं कुणीतरी लागतं.

गणिताचा प्राध्यापक आणि वाचकांची पत्रं

मराठीत तसा माणूस होता. रघुनाथ धोंडो कर्वे, गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि जुलै १९२७ पासून "समाजस्वास्थ्य" हे मासिक काढलं. १९५३ मध्ये ते गेले तोपर्यंत ते चालवत राहिले.

"समाजस्वास्थ्य" म्हटलं की आपल्याला लैंगिक शिक्षण आठवतं. पण त्यात येणारे वाचकांचे प्रश्न मनाचा त्रास म्हणून वाचून बघा. "माझ्या हातून अमुक घडतं, मी वाया गेलो का?" अशा जातीच्या प्रश्नामागे भीती असते, लाज असते, कुणालाच विचारता न येणं असतं. कर्वे अशा प्रश्नांना सरळ उत्तर देत. घाबरवत नसत, उपदेश करत नसत.

याची किंमत त्यांनी मोजली. १९३४ मध्ये वाचकांच्या अशाच खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, दंड भरावा लागला, मासिक मात्र चालू राहिलं.

आता तुलना करा. कर्वे डॉक्टर नव्हते. तिसो डॉक्टर होता. मग कर्व्यांचं उत्तर जास्त भरवशाचं का? माझ्या मते कारणं तीन. एक, उत्तराखाली त्यांचं नाव होतं, आणि चुकलं तर जाब विचारायला माणूस सापडत होता. कोर्टानं तर प्रत्यक्ष बोलावलंच. दोन, ते श्रद्धा मागत नव्हते, कारण देत होते, आणि ते कारण वाचणाऱ्याला तपासता येत होतं. तीन, वाचक घाबरलेला राहिला तर त्यात त्यांचा काही फायदा नव्हता.

नाव, कारण आणि हितसंबंध. हे तीन शब्द मनात ठेवून पुढे चला.

पोस्टानं आलेला उपचार, फोनवर आलेला आवाज

स्वतःची मदत स्वतः करायची, हा विचारही मराठीत मोबाईलमुळे आलेला नाही. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी अमेरिकेतल्या अल्बर्ट एलिस यांच्याशी कित्येक वर्षं पत्रव्यवहार केला. एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती फडके त्या पत्रांतून शिकले आणि मराठीत आणली. पद्धतीचा गाभा थोडक्यात असा: घटनेमुळे आपण कोसळतो असं वाटतं, पण मधे आपला विचार असतो. "नापास झालो" ही घटना. "नापास झालो म्हणजे मी माणूस म्हणून संपलो" हा विचार. दुसरा तपासता येतो, बदलता येतो. या पद्धतीवर मराठीत पुस्तकं आली, कार्यशाळा झाल्या. समुद्रापलीकडून आलेली माहिती खरी ठरली, कारण दोन्ही टोकांना प्रश्न विचारणारी आणि उत्तर देणारी खरी माणसं होती.

दुसरी वाट फोनची. १९५३ मध्ये लंडनमध्ये चॅड वराह या धर्मगुरूनं आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी एक टेलिफोन लाईन सुरू केली. त्याच्या लक्षात आलं, की लोकांना पुष्कळदा सल्ल्याआधी ऐकणारा माणूस हवा असतो. "समारिटन्स" ही चळवळ त्यातून उभी राहिली, आणि जगभरच्या हेल्पलाईनांनी तिथून बरंच घेतलं.

तिसरी वाट त्यातून गेलेल्या माणसांची. २९ ऑगस्ट १९८६ ला पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते उभं केलं, पु. ल. देशपांडे यांनी मदत केली. तिथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच पुढे समुपदेशक झाली. अनुभवाचं बोल किती मोलाचं असतं ते यातून कळतं. पण एक फरक आहे. मुक्तांगणमध्ये अनुभव सांगणाऱ्याच्या मागे प्रशिक्षण होतं आणि शेजारी डॉक्टर होते. आज पडद्यावर "मी गोळ्या सोडल्या आणि बरा झालो" सांगणारा माणूस खोटं बोलत असेलच असं नाही. पण त्याच्या मागे कुणी नसतं, आणि तुम्ही गोळ्या सोडल्यावर काय होईल याची जबाबदारीही त्याच्यावर नसते.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट

आष्टीचं नाव १६ ऑगस्ट १९४२ च्या हुतात्म्यांमुळे इतिहासात आहे. वर्धा जिल्ह्याचं नाव गांधीजींमुळे. पण १९९० च्या दशकाच्या शेवटापासून विदर्भाचं नाव देशभर छापून येऊ लागलं ते शेतकरी आत्महत्यांमुळे. २००६ च्या मध्यावर पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. वर्धा त्या सहांत होता. कर्ज, व्याज, सिंचन, बियाणं यावर बोलणं गरजेचंच होतं. मन हा विषय मात्र मागे राहिला. "कर्जामुळे मेला" आणि "मनाच्या आजारामुळे मेला" अशी भांडणं झाली, जणू दोन्हींपैकी एकच खरं असू शकतं.

मग एक चांगलं काम झालं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत "विश्राम" नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच लोकांना शिकवून समुपदेशक केलं, गावपातळीवरचे कार्यकर्ते घरोघर बोलले, आणि जास्त त्रास असलेल्यांना डॉक्टरकडे नेलं. २०१७ मध्ये "लॅन्सेट सायकिॲट्री"त त्याचे निकाल आले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं, दीड वर्षानं ते २७.२ टक्के झालं. अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमालाच देता येत नाही. तरीही सहापट फरक मोठा आहे. विदर्भातली माणसं मनाबद्दल बोलत नाहीत असं जे म्हणतात, त्यांनी हा आकडा बघावा. विचारणारं विश्वासाचं असलं की बोलतात.

२०१५ मध्ये राज्य सरकारनं "प्रेरणा" प्रकल्प सुरू केला. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांसाठी, वर्ध्यासह. आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घ्यायची, ताण जास्त दिसला की पुढे पाठवायचं, आणि १०४ वर फोन करता येईल, अशी त्याची रचना.

तीच प्रश्नावली, दोन हातांत

प्रश्नावलीवरून थोडं गणित. नेटवर "तुम्हाला डिप्रेशन आहे का? दोन मिनिटांत तपासा" अशा चाचण्या असतात. त्यातली एक खरीखुरी शास्त्रीय आहे, पीएचक्यू-९. नऊ प्रश्न, एकूण २७ गुण. २००१ मध्ये छापलेल्या मूळ अभ्यासात १० किंवा जास्त गुण ही रेषा धरली, तर ती आजार असलेल्या १०० पैकी ८८ जणांना पकडते आणि आजार नसलेल्या १०० पैकी ८८ जणांना बरोबर सोडते. ऐकायला छान वाटतं ना?

आता १,००० माणसं घ्या आणि धरून चाला की त्यांतल्या ५० जणांना खरंच नैराश्य आहे. चाचणी त्यांतले ४४ पकडेल. उरलेल्या ९५० पैकी १२ टक्के, म्हणजे ११४ जणांनाही "आहे" म्हणेल. एकूण १५८ जणांना "आहे" आलं, त्यांतले खरे ४४. म्हणजे साधारण २८ टक्के. चाचणी वाईट नाही, ती चाळणी आहे. चाळणीवर राहिलेलं पुन्हा निवडायला माणूस लागतो.

आशाताई किंवा डॉक्टरांच्या हातात ती असते तेव्हा तो माणूस समोर असतो. मोबाईलवर आकडा येतो आणि पुढे जाहिरात येते. आणि त्यातला नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांबद्दल आहे. रात्री दोन वाजता तिथे कुणी "रोजच" असं उत्तर दिलं, तर ते वाचायला पलीकडे कुणीच नसतं. म्हणून नऊव्या प्रश्नाचं उत्तर "अजिबात नाही" सोडून दुसरं काहीही असेल, तर एकूण गुण मोजत बसू नका, माणसाशी बोला.

मग आज काय करायचं?

कर्व्यांच्या तीन कसोट्या आजच्या पडद्याला लावा.

नाव: सांगणारा कोण? मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात शिकलेला डॉक्टर, त्याची वैद्यकीय परिषदेकडे नोंद असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात उद्धटपणा काही नाही. "समुपदेशक", "लाईफ कोच" हे शब्द मात्र पाटीवर लावणं सोपं आहे, तिथे शिक्षण कुठे झालं ते विचाराच.

कारण: "असं का?" याचं उत्तर आहे का? "सगळ्यांवर", "हमखास", "२१ दिवसांत", "गोळ्या लगेच बंद करा" यातलं काही दिसलं की थांबा. चांगली माहिती आपली हद्द सांगते: इथपर्यंत स्वतः करून बघा, यापुढे डॉक्टरकडे जा.

हितसंबंध: तुम्ही घाबरलात तर कुणाचा फायदा? ठाण्याच्या आयपीएच या १९९० पासून काम करणाऱ्या संस्थेचे, डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे मराठी व्हिडिओ मोफत आहेत. ते बघा, पण त्यांनाही हेच तीन प्रश्न लावा.

आणि सरळ माणसाशी बोलायचं असेल तर टेली-मानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली, मोफत आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. आष्टीहून नागपूर किंवा सेवाग्राम गाठायचं म्हणजे दिवस मोडतो. फोनला दिवस मोडत नाही.

घरातलं कुणी "जगून काय करू" म्हणत असेल तर त्याला एकटं सोडू नका. सरळ विचारा. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात घुसत नाही. फवारणीचं औषध घरातून हलवा, कुलपात ठेवा, शेजाऱ्याकडे द्या. श्रीलंकेनं १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बंद केली आणि तिथलं आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. ती वेळ पुष्कळदा थोडीच असते, ती टळली की माणूस वाचतो. पोलिसांच्या भीतीनं दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच आधी मानायचं ठरवलंय, आणि १ जुलै २०२४ पासून जुनं ३०९ कलमही राहिलेलं नाही.

नागपूरच्या भिंतीपासून १४४१६ पर्यंत यायला आपल्याला दीडशेहून जास्त वर्षं लागली. मधल्या काळात ज्यांनी लोकांना खरा आधार दिला त्यांनी नाव लावून उत्तर दिलं, आणि पुढचा प्रश्न ऐकायला ते जागेवर राहिले. पुढच्या वेळी रात्री मोबाईलवर काही वाचाल तेव्हा एवढंच बघा, की या उत्तरावर मी उलटा प्रश्न केला तर पलीकडे कुणी आहे का. नसेल तर मोबाईल तोच, त्यातून १४४१६ लावा.